कुलगुरू पाहण्याचा कार्यक्रम

“कोणाचं लग्न जुळवू नाही अन् कोणाले खुर्चीवर बसवू नाही,” बेबीताई कंपाउंडच्या भिंतीवरून म्हणाल्या होत्या. “लग्न जुळवलं का दोन्हीकडच्या शिव्या आपल्याले. अन् खुर्चीचं तर विचारूच नको. ज्याले आपण बसवलं न व पोरी, थो पह्यला हुकूम आपल्यावरच काढते.”

रुपालीने हे हसण्यावारी नेलं. एक तर तिच्या कडेवर लेक यशू होती आणि वरण-भाताचा घास गिळायचा की आईच्या खांद्यावर सोडायचा यावर ती विचार करत होती. अशा वेळी कुठल्याही आईला जगातली बाकीची संकटं लहानच वाटतात. दुसरं म्हणजे गल्लीतली निम्मी लग्नं बेबीताईंनी स्वतः जुळवलेली होती आणि उरलेल्या निम्म्यांवर त्यांचा डोळा होता. आणि तिसरं म्हणजे रुपाली कोणाला खुर्चीवर बसवणार होतीच कुठे?

“ताई, मी फक्त गाड्या आणि चहापाणी बघणार. माणूस निवडायला मोठी समिती आहे.”

“समिती गेली चुलीत,” बेबीताई सुपारी कातरत म्हणाल्या. “चहापाणी पाहणाऱ्याच्याच डोक्यावर येते सारं.”

इथे थोडं विद्यापीठाबद्दल सांगायला हवं. बेंबळा विद्यापीठ यवतमाळहून बाभुळगावकडे जाताना लागतं. म्हणजे लागतं असं आपलं म्हणायचं. लक्ष नसेल तर मागे पडतं. रुपाली मनवर तिथे कंत्राटी समन्वय सहायक होती आणि दीड वर्षापासून तिथे कुलगुरूच नव्हते. मागे एक गृहस्थ नेमले गेले, पण ते नेमके मे महिन्यात रुजू व्हायला आले. गाडीतून उतरले, आजूबाजूला पाहिलं, ग्लासभर पाणी प्यायले आणि त्याच गाडीत परत बसले. विद्यापीठाच्या इतिहासात त्यांचा कार्यकाळ एक ग्लास एवढा नोंदवायला हरकत नाही. तेव्हापासून सगळा कारभार प्रभारी. प्रभारी कुलगुरू दुसऱ्याच विद्यापीठाचे, दर बुधवारी येणारे. कुलसचिव शंकरसिंग प्रभारी, परीक्षा विभागाचे साहेब प्रभारी, ग्रंथपाल प्रभारी. शिपाई धावजी तेवढा कायम होता, त्यामुळे सगळे त्याला वचकून असत.

प्रभारी माणसाचा एक धर्म असतो. तो दैनंदिन काम करतो, धोरणात्मक काम करत नाही. पंख्याला तेल घालणं दैनंदिन, नवा पंखा लावणं धोरणात्मक. आणि नेमकं विद्यापीठाचं नवंकोरं पाळणाघर धोरणात्मक निघालं. भिंतीवर पिवळी बदकं रंगवलेली, छोटी घसरगुंडी आलेली, मुलं सांभाळायला एक ताईसुद्धा नेमलेल्या (त्या सध्या ग्रंथालयात पुस्तकं पुसत), आणि दाराला हे एवढं कुलूप. दर बुधवारी रुपाली फाइल आत पाठवायची आणि दर बुधवारी ती बाहेर यायची: “नियमित कुलगुरू रुजू झाल्यानंतर सादर करावे.”

आता एका कुलपासाठी माणसाने इतकं कासावीस का व्हावं? तर सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. रुपाली ऑफिसला गेली की यशूला प्रभावतीबाई सांभाळायच्या आणि त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. डॉक्टरांनी बजावलं, “लहान मुलाच्या मागे पळणं बंद, नाहीतर ऑपरेशन.” त्यावर प्रभावतीबाई म्हणाल्या, “मले कायले सांगता? पोट्टीले सांगा न, पळू नको म्हणून.” रुपालीचा नवरा धम्मदीप तिकडे मुकुटबनला मास्तर, शनिवारी घरी येणारा. तो रोज फोनवरून उपाय सुचवायचा. “आईला सांग, बसूनच सांभाळ.” अडीच वर्षांच्या मुलीला बसून सांभाळता येतं, असं फक्त शनिवारी घरी येणाऱ्या बापालाच वाटू शकतं.

मग कधीकधी रुपाली यशूला ऑफिसलाच न्यायची. यशू पाळणाघराच्या खिडकीला नाक चपटं करून उभी राहायची आणि म्हणायची, “बदक.” जरा वेळाने म्हणायची, “कुलूप.” विद्यापीठाच्या प्रशासनाचं इतक्या कमी शब्दांत इतकं अचूक वर्णन आजवर कोणी केलेलं नाही.

तर रुपालीला एक कुलगुरू हवा होता. विद्वान असला तर उत्तमच, पण मुख्य म्हणजे नियमित.

शोध समिती बसली, पाच नावं निघाली, पेपरात छापून आली. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती होते. मागचा ग्लासभर पाण्याचा अनुभव ऐकून ते म्हणाले, “आधी उमेदवारांना जागा पाहू द्या. इथेच बोलावू. पळायचं असेल ते आधीच पळतील.” हे वाक्य इतकं खरं ठरलं की दोघं न येताच पळाले. एकाने फोनवर विचारलं, “विमानतळ किती लांब?” रुपाली खरं बोलली, ते गेले. दुसऱ्याने तापमान विचारलं. रुपालीने शहाणपणा करून त्यातून तीन अंश वजा केले, तरी तेही गेले. उरले तिघं: दोन मोठ्या शहरांतले आणि एक डॉ. सुनीती पांढरीपांडे. त्या परगावी रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख होत्या, पण घर दिग्रसला.

“त्या झाल्या तर बरं होईल,” जेवताना रुपाली बोलून गेली. “घर जवळ आहे, पळणार नाहीत. शंभरावर शोधनिबंध आहेत त्यांचे.”

सासरे बाबाराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी हातातली भाकर खाली ठेवली. “निबंध सोड. माणूस कसा हाय, थे पाह्यलं का कोणी?”

“समिती बघेल ना, बाबा.”

“समिती कागद पाह्यते. आपल्याले पोरगी द्यायची असली तर आपण काय करतो? गावात जातो, पानठेल्यावर बसतो, चक्कीवर विचारतो. अथी अख्खं विद्यापीठ द्यून राह्यले, अन् चौकशीले कोणी गेलं नाही?”

या बोलण्यात कुठेही चूक काढता येत नव्हती आणि धोका तिथेच होता. रुपालीने घाईघाईने सांगितलं, “बाबा, हे सगळं गोपनीय असतं. उमेदवाराने आमच्यापैकी कोणाशी नुसता संपर्क केला तरी उमेदवारी बाद होते, तो नियम मीच टाइप केलाय. बाहेर शब्द काढू नका.”

“मी?” बाबाराव दुखावले. “तीस वर्षं तिकिटं फाडली. कोण कोणाच्या बाजूले बसून कोठी गेलं, आजपर्यंत कोणाले सांगतलं नाही.”

दुसऱ्याच दिवशी बाबाराव शेजारच्या पुंडलिकरावांना घेऊन दिग्रसच्या गाडीत बसले. हे रुपालीला नंतर कळलं. पुंडलिकराव भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना कुठल्याही वस्तूच्या चारही बाजू पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. दोघांनी पांढरीपांड्यांच्या घराला चारही बाजूंनी फेरी मारली. मग पानठेला, मग चक्की, मग समोरचा किराणा. “घरात भांडणं होते का? पिणंबिणं? कामवाली टिकते का? पोराचं काय चालू हाय?” आणि गोपनीयता पाळायची म्हणून विद्यापीठाचं नाव काही काढलं नाही.

आता तुम्हीच सांगा, दोन बुजुर्ग माणसं स्वच्छ धोतर-टोपीत येऊन एखाद्या घराची अशी चौकशी करतात, तेव्हा गाव काय समजेल? पांढरीपांड्यांचा मंदार तेहतीस वर्षांचा, घरूनच कॉम्प्युटरवर काम करणारा आणि बिनलग्नाचा. दुपारपर्यंत कापसाच्या जिनिंगच्या गेटापर्यंत बातमी पोचली, की मंदारसाठी यवतमाळचे लोक येऊन गेले. सुनीतीबाईंचे यजमान दीनानाथराव बँकेतून निवृत्त झालेले. गेली चार वर्षं मुलासाठी तेच दारोदार फिरत होते, आणि आज कोणीतरी आपणहून आलं होतं! ते थेट बसस्टँडवर गेले. तिथे बाबारावांना ओळखत नाही असा कंट्रोलर अजून जन्मायचा होता. लगेच नंबर मिळाला.

फोन आला. दीनानाथरावांनी विचारलं, “आपण आमच्या मंदारच्या संदर्भात आला होता का?”

बाबाराव पुढचं नंतर मोठ्या अभिमानाने सांगत. “मी म्हटलं, आता नाही म्हणतो तर हा विचारंन, मंग कायले आलते? म्हणजे गोपनीय फुटलं. म्हणून म्हटलं, हो हो, पोरासाठीच आलतो. आमची दीपा हाय न.” दीपा म्हणजे बाबारावांची धाकटी, मेडिकलमध्ये फार्मासिस्ट. ऑफिसची गोपनीयता राखण्यासाठी पोटच्या पोरीला पुढे करणारा बाप यवतमाळ जिल्ह्यात तरी दुसरा नसावा.

“मग रविवारी येतो आम्ही,” दीनानाथराव म्हणाले.

दारात येतो म्हणणाऱ्याला नको कसं म्हणायचं? बाबाराव म्हणाले, “या.” आणि हे त्यांनी फक्त प्रभावतीबाईंना सांगितलं. रुपालीला सांगणार कसं? गोपनीय होतं.

धम्मदीप नेमका त्या शनिवारी शाळेच्या कामामुळे आला नव्हता. रविवारी रुपाली यशूला घेऊन बाजारातून आली, ती दुसऱ्या दिवशीच्या सत्काराच्या शाली घेऊन. दारात तीन अनोळखी जोडे होते. त्यांतले एक लेडीज सँडल, साधे, मजबूत, न पळणाऱ्या बाईचे. रुपालीची नजर अशा बाबतीत तयार. ती थबकली, पडद्याच्या फटीतून पाहिलं, आणि तिच्या हातून शाली पडल्या. पेपरात फोटो आलेली बाई तिच्याच सोफ्यावर बसून तिच्याच बशीत पोहे खात होती.

ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली. तिथे दीपा लालबुंद होऊन उभी. “वहिनी, हे लोकं मले पाहाले आले! मले आत्ता समजलं! मी त्या पोट्ट्याले कुरिअरवाला समजली, सही कुठं करू विचारलं!”

“दीपा,” रुपाली दबक्या आवाजात म्हणाली, “तुझं एक मोडेल, दुसरं येईल. माझा कुलगुरू एकच आहे.”

बाहेर दीनानाथराव रंगात आले होते. “आम्ही जातपात काही मानत नाही हो. आमच्याकडे तसलं काही नाही.” थोड्या वेळाने पुन्हा, “आम्ही काही म्हणजे काहीच मानत नाही.” तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा प्रभावतीबाईंनी शांतपणे सांगितलं, “नका मानू. पोहे तर घ्या.” मंदार दातांच्या डॉक्टरकडे बसावं तसा बसला होता. सुनीतीबाई फारसं बोलत नव्हत्या. हे घर समन्वय सहायकाचं आहे हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. उद्याच्या मुलाखतीला यवतमाळला यायचंच होतं, नवऱ्याने हेही उरकून घेऊ म्हटलं, एवढंच.

तेवढ्यात बेबीताई आल्या. “माह्याच भिंतीच्या पलीकडं पाहणं, अन् मले फोडणीच्या वासावरून समजावं? गल्लीत इतकी वर्षं कायले झिजली मी?” असं म्हणून त्या मंदारसमोरच खुर्ची ओढून बसल्या.

आणि यशू आईच्या हातून निसटली. ती थेट सुनीतीबाईंच्या मांडीवर चढली, त्यांचा चष्मा ओढला आणि निवेदन सादर केलं. “बदक. कुलूप.”

“कुठलं ग बदक?” सुनीतीबाईंनी विचारलं.

“थे न, विद्यापीठात…” प्रभावतीबाईंनी तोंड उघडलं आणि रुपालीने स्वयंपाकघरात परात आपटली. आवाज बाभुळगावपर्यंत गेला असावा.

“सून हाय,” प्रभावतीबाई कौतुकाने म्हणाल्या. “रुपाली, बाहेर ये व! पाव्हण्यायले जय भीम तरी कर!”

आता न जाणं शक्य नव्हतं. रुपालीने कपाट उघडलं. करोनाच्या काळातला एक मास्क अजून पडून होता, तो लावला, वरून ओढणी ओढली आणि बाहेर येऊन हात जोडले. “सर्दी आहे,” ती मास्कमधून म्हणाली.

“वाफ घ्या,” सुनीतीबाई म्हणाल्या. बस, आता पाहुणे पाच मिनिटांत उठतील, उद्या मास्क काढून नव्याने ओळख होईल, असा विचार रुपाली करते ना करते तोच फाटकाशी स्कूटर थांबली. प्रभारी कुलसचिव शंकरसिंग! उद्याचा मठ्ठा विद्यापीठ गीताच्या आधी द्यायचा की नंतर, हे विचारायला रविवारी घरी येणारा अधिकारी जगात एकच, आणि तो रुपालीच्या नशिबी.

“लेकीचं पाहणं हाय, साहेब,” बाबारावांनी प्रसंग सावरला.

“अरे वा! मग तर बसलंच पाहिजे.” शंकरसिंग बसले. पोहे आले. शंकरसिंगांना लग्नाच्या बोलणीत फार रस. त्यांनी मंदारचं शिक्षण विचारलं, दीनानाथरावांना व्याह्यांशी कसं वागावं ते सांगितलं, दुसरी बशी घेतली आणि सुनीतीबाईंकडे वळले. “आणि ताई, आपण?”

“मी रसायनशास्त्र शिकवते.”

“उत्तम! आमच्याकडे उद्या रसायनशास्त्राच्याच एक…” आणि त्यांचा चमचा हवेतच थांबला. सुनीतीबाईंचाही. दोघं एकदमच उठून उभे राहिले. बेबीताईंना वाटलं काहीतरी रीत असेल, म्हणून त्याही उठल्या.

रुपालीने मास्क काढला. “मॅडम, मी तिथली समन्वय सहायक. उद्याची तुमची गाडी मीच सांगितलीय.” आणि मग ती रडलीच. दीड वर्षाची फाइल, गुडघे, बदकं, सगळं एका दमात बोलणार होती, पण तेवढ्यात तिला आठवलं की हे बोलणं म्हणजे संपर्क. म्हणून ती काहीच न बोलता रडली, जे आणखी वाईट दिसलं.

शंकरसिंग घाम पुसत म्हणाले, “मॅडम, मी काही पाहिलंच नाही.”

“तुम्ही दोन बशा खाल्ल्या,” सुनीतीबाई म्हणाल्या. त्या पुन्हा खाली बसल्या. “आता अर्धे पोहे खाल्ले काय आणि पूर्ण खाल्ले काय, संपर्क तो संपर्क.” त्यांनी बशी संपवली. “चांगले झालेत. उद्या समितीला मीच सांगते.”

“काय सांगशील?” दीनानाथराव हादरले.

“जे झालं ते. घरात माणसं दहा आणि गल्लीत साठ. लपणार आहे का?”

सोमवारी समिती बसली. रुपाली दाराबाहेर यशूला कडेवर घेऊन उभी होती, कारण प्रभावतीबाईंचा डावा गुडघा त्या दिवशी वाकतच नव्हता. पहिल्या उमेदवाराने मॉल कुठे आहे ते विचारलं. दुसऱ्याची गाडी आली तेव्हा प्रशासकीय इमारतीसमोर एक रोही, म्हणजे नीलगाय, उभी होती. ती हलेना आणि ते उतरेनात. शेवटी समितीलाच गाडीच्या काचेतून मुलाखत घ्यावी लागली. तिसऱ्या सुनीतीबाई. आत जाताच म्हणाल्या, “प्रश्नांच्या आधी सांगते. काल मी समन्वय सहायकांच्या घरी पोहे खाल्ले.”

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. साक्षीपुरावा झाल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. आणि साक्षीदार बाहेर हजरच होते. बाबाराव, पुंडलिकराव आणि बेबीताई ऑटो करून आले होते, कोणी बोलावलेलं नसताना.

“तिथे कुलगुरुपदाचा विषय निघाला का?” न्यायमूर्तींनी बेबीताईंना विचारलं.

“नाही साहेब. खुर्चीचा नाही निघाला. पोराच्या पगाराचाही नाही निघाला, थेच मले खटकलं.”

“मग चौकशीला तुम्ही कशासाठी गेला होता?” हे बाबारावांना.

“जे आपण करायले पाह्यजे होतं, साहेब, त्याच्यासाठी.”

न्यायमूर्तींनी हे लिहून घेतलं. “बाकी दोघांची केली का चौकशी?”

“त्यायच्या गावाले गाडी बदलाव लागते.”

“एकूण विद्यापीठाबद्दल त्या घरात कोणीच काही बोललं नाही?”

खोटं बोलणं सुनीतीबाईंच्या स्वभावात नव्हतं. “एक जण बोललं. बदक आणि कुलूप, एवढंच. ते पाळणाघराचं आहे हे मला आज इथे आल्यावर दिसलं.”

“कोण?”

सुनीतीबाईंनी दाराकडे बोट दाखवलं. धावजीने दार उघडलं आणि यशूने आत शिरून समितीसमोर आपली साक्ष दिली. “बदक.” मग सगळ्यांकडे एकवार पाहून, “कुलूप.”

समितीने तासभर खल केला. निष्कर्ष असा निघाला की संपर्क उमेदवाराने नव्हे, बाबारावांनी सुरू केला; प्रचार झाला हे खरं, पण तीन वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला प्रचार नियमात कुठेच बसत नाही, आणि तो बसवायचा तर नियम बदलावा लागेल, आणि नियम बदलणं धोरणात्मक आहे. जन्मात पहिल्यांदा रुपालीला हा शब्द गोड वाटला.

पुढे रीतीप्रमाणे वरून आदेश यायचा तो आला. डॉ. सुनीती पांढरीपांडे रुजू झाल्या. पाणी प्यायल्या आणि गाडी परत पाठवून दिली. त्याच दिवशी पाळणाघराचं कुलूप निघालं. प्रभावतीबाई आता दुपारी पाय लांब करून पडतात आणि गुडघ्यांना शेक देत बेबीताईंशी बोलतात. दीपाने मंदारला नकार दिला. मंदारनेही दीपाला नकार दिला. दोघं रोज फोन करून एकमेकांना हे पुन्हा पुन्हा सांगतात आणि त्याला बराच वेळ लागतो.

सगळं छान झालं. फक्त एक झालं. पहिल्या आठवड्यात रुपाली कामं सोडून सारखी पाळणाघराच्या खिडकीशी जायची. यशू खेळते का, खाल्लं का, कोणी चावलं का. आई दिसली की यशू रडायची, यशू रडली की बाकीची सगळी रडायची. आठवड्याच्या शेवटी नव्या कुलगुरूंचा स्वतः सही केलेला पहिला लेखी हुकूम निघाला. पालकांनी कार्यालयीन वेळेत पाळणाघराच्या खिडकीजवळ थांबू नये. तो टाइप रुपालीनेच केला. भिंतीपलीकडे बेबीताईंनी नुसती सुपारी कातरली, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

म्हणून रुपालीचं तुमच्याकडे एक काम आहे. बाभुळगावकडे कधी जाणं झालंच, तर विद्यापीठाच्या गेटाशी गाडी थांबवा. धावजी अडवेल, त्याला अर्ज द्यायला आलो म्हणा. डाव्या हाताला बदकांची भिंत आहे, तिथे खिडकीतून जरा डोकावून बघा. पिवळा फ्रॉक, एका पायात मोजा. दुसऱ्या पायातला तिने काढून टाकलेला असणार. रडत असेल तर काचेवर टकटक करून “बदक” म्हणा, शांत होईल. आणि रडत नसेल, आईची आठवणसुद्धा येत नसेल, मजेत घसरगुंडीवर असेल, तर तेही रुपालीला येऊन सांगा. फक्त जरा हळू सांगा.